कुंपणापलीकडचे पाहुणे

विमानं बघायला जाणं हा छंद असू शकतो, हे आपल्याकडे कुणाला चटकन पटत नाही. नाणी, पोस्टाची तिकिटं, फार तर पक्षी, इथपर्यंत ठीक. पण शनिवारी पहाटे उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा, हवाई तळाच्या तारेच्या कुंपणाबाहेर पाच-सहा तास थंडीत उभं राहायचं आणि उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर वहीत लिहायचा... "आणि मग?" असं समोरचा विचारतो. आणि मग काही नाही. घरी यायचं. संपला छंद.

मी सध्या ऑनसाइट म्हणून केंब्रिजला आहे. इथून तासाभराच्या आत मिल्डेनहॉल आणि लेकनहीथ हे दोन तळ लागतात. नावं 'रॉयल एअर फोर्स'ची, पण आत सगळा कारभार अमेरिकन हवाई दलाचा. मिल्डेनहॉलला केसी-१३५ ही हवेत इंधन भरणारी टँकर विमानं असतात आणि त्यांच्या शेपटीवर चौकोनात मोठा 'डी' असतो. ती दुसऱ्या महायुद्धातल्या १००व्या बॉम्बर तुकडीची खूण. लेकनहीथला एफ-१५ आणि एफ-३५, शेपटीवर 'एलएन'. ही झाली घरची मंडळी. त्यांना बघायला नवीन लोक येतात. मुरलेले स्पॉटर येतात ते पाहुण्यांसाठी.

पाहुणा म्हणजे दुसऱ्या तळावरून आलेलं विमान. नेब्रास्कातल्या ऑफटहून आलेलं, टेहळणी करणारं आरसी-१३५, शेपटीवर 'ओएफ'. किंवा अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याच्या नॅशनल गार्डचं टँकर, शेपटीवरच्या पट्टीत राज्याचं नाव लिहिलेलं. पाहुणा कधी येईल, किती दिवस राहील, कुणी सांगत नाही. आपल्याकडे सुट्टीत न कळवता येणाऱ्या पाहुण्यांसारखंच. फरक इतकाच की इथे यजमानापेक्षा शेजाऱ्यांना जास्त आनंद होतो.

नंबर वाचायची एक वेगळीच मजा आहे. अमेरिकन लष्करी विमानाच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे ज्या आर्थिक वर्षात त्या विमानाची ऑर्डर दिली गेली ते वर्ष. जुन्या टँकरच्या शेपटीवर त्यातला पहिला आकडा गाळलेला असतो. म्हणजे शेपटीवरचा नंबर ८ ने सुरू झाला तर ते मूळ ५८, म्हणजे १९५८ सालचं विमान! माझे बाबा १९६२चे. बाबा रिटायर झाले, हे विमान अजून ड्यूटीवर. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "त्याची सर्व्हिसिंग वेळेवर होत असेल." असो.

हा छंद ब्रिटनमध्येच एवढा का रुजला? माझ्या मते याचं उत्तर महायुद्धात आहे. तेव्हा सरकारलाच लोकांनी आकाशाकडे बघायला हवं होतं. ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक टेकड्यांवर आणि गच्च्यांवर बसून येणारी विमानं ओळखत आणि फोन करून कळवत. १९४१ साली 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिकच सुरू झालं. शत्रूचं कुठलं, आपलं कुठलं, हे शाळकरी पोरांना पाठ. युद्ध संपलं पण पोरांची सवय काही सुटली नाही. आज कुंपणाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आजोबा त्याच परंपरेतले.

आता यात माझ्यासारख्या इंजिनिअरला काय रस? तर हल्ली वहीच्या जोडीला रेडिओ आला आहे. बहुतेक विमानं १०९० मेगाहर्ट्झवर सतत आपली ओळख सांगत असतात. टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या स्वस्तातल्या यूएसबी डोंगलने ते संदेश पकडता येतात, ही युक्ती २०१२च्या सुमारास पसरली. डोंगल, रास्पबेरी पाय आणि खिडकीत एक छोटी अँटेना, झाली तयारी. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा पत्ता असतो. तो हेक्साडेसिमलमध्ये 'एई'ने सुरू झाला की समजायचं, अमेरिकन लष्कराचं विमान. बरीच लष्करी विमानं आपली जागा सांगत नाहीत, नुसती ओळख सांगतात. पण तोच संदेश चार वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी पकडला, तर पोचायच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून विमान कुठे आहे ते काढता येतं. कॉलेजात कंटाळत शिकलेली भूमिती अशी कामाला येते :)

आणि खरा मुद्दा इथेच सुरू होतो.

शेपटीवर फूटभर अक्षरांत रंगवलेला नंबर हे गुपित असू शकत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही तो दिसतो. मग तो वहीत लिहिण्यात गैर काय? काहीच नाही. पण आपण डेटाबेसवाले लोक एक गोष्ट चांगली ओळखून असतो. टेबलातली एक ओळ निरुपद्रवी असते. अशा दहा हजार ओळी तारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन एकत्र आल्या, दुसऱ्या टेबलाशी जोडल्या, की त्यातून जे बाहेर पडतं ते कुठल्याच एका ओळीत नव्हतं. एक टँकर दिसला यात काही नाही. एका रात्रीत तीस टँकर पूर्वेकडे निघाले, ही बातमी आहे.

म्हणजे गुपित शेपटीवर नसतं, वहीत तयार होतं. मग वही धरणारा कोण? छंदिष्ट की हेर? दोघांची वही हुबेहूब सारखी दिसते.

ग्रीसमध्ये नेमका याच प्रश्नावर खटला झाला. नोव्हेंबर २००१मध्ये कलामाटाच्या हवाई तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच स्पॉटर पकडले गेले. त्यातली एक बाई तर नवऱ्याबरोबर नुसतीच आली होती, तिला विमानांत काडीचाही रस नव्हता. तारीख लक्षात घ्या, ११ सप्टेंबरला दोन महिने झाले होते. वह्यांमध्ये नंबरच नंबर. ग्रीक पोलिसांना प्रश्न पडला की पगार मिळत नसताना माणूस हे का लिहून ठेवेल? महिनाभराहून जास्त तुरुंग, मग जामीन. एप्रिल २००२मध्ये आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षं आणि सहा जणांना मदत केल्याबद्दल एक वर्षाची स्थगित शिक्षा. नोव्हेंबर २००२मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. ग्रीसमध्ये असा छंदच नव्हता, हा खरा घोळ. न्यायाधीशांना आधी 'स्पॉटर' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

हसू नका, आपल्याकडेही झालं आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीचा स्फोट झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच दिल्लीत विमानतळाजवळच्या एका हॉटेलातून दोन ब्रिटिश स्पॉटरांना पोलिसांनी उचललं. त्यांनी धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली होती, जवळ दुर्बीण आणि रेडिओ होता. दिल्लीच्या विमानतळाला लागूनच पालमचा हवाई दलाचा तळ. अशा आठवड्यात हॉटेलवाल्यांना संशय आला तर त्यांना दोष कसा द्यायचा? एप्रिलमध्ये प्रत्येकी २५ हजार रुपये दंड भरून ते घरी गेले.

आपला ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट १९२३चा, ब्रिटिशांच्या १९११च्या कायद्यावर बेतलेला. त्यात 'निषिद्ध ठिकाण' आहे, त्याच्या जवळ जाणं, त्याचं चित्र काढणं आहे. हवाई दलाच्या तळाशी संबंधित हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि एक कलम असं की हेतू वाईट होता हे एखाद्या ठरावीक कृत्यावरून सिद्ध करायची गरज नाही. परिस्थितीवरून, वागणुकीवरून, माणसाच्या ज्ञात चारित्र्यावरून तसं दिसलं तरी पुरे. गंमत बघा, इंग्रजांनी आपल्याला कायदा दिला, पण छंद दिला नाही. स्वतःचा जुना कायदा त्यांनी २०२३मध्ये बदलला. नव्या कायद्यातही निषिद्ध ठिकाणं आहेतच. विमानांचे संदेश रेडिओवर ऐकणं इथेही कागदोपत्री गुन्हाच. फक्त कुंपणाबाहेरच्या आजोबांकडे बघण्याची नजर वेगळी आहे.

पण ती नजर सगळ्यांसाठी सारखी असते का? एकदा (कुठल्या तळावर ते राहू दे) पोलिसांची गाडी आमच्यापाशी थांबली. दहा-बारा जण उभे होतो, सगळ्यांकडे हातभर लांब लेन्स. नाव, पत्ता, कुठून आलात, हे फक्त मला विचारलं. अगदी नम्रपणे, 'सर' म्हणून. शेजारचे आजोबा म्हणाले, "हा आमच्यातला आहे." पोलीस हसले आणि गेले. मला त्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, परक्या देशात लष्कराच्या कुंपणाशी कशाला कडमडायला जातोस? व्हिसावर आहेस ना तू?" तिचंही चूक नाही.

याच आजोबांनी मला त्यांचा अल्बम दाखवला. जुलै २००७मध्ये 'इंद्रधनुष' सरावासाठी भारतीय हवाई दलाची सुखोई-३० विमानं लिंकनशरमधल्या वॉडिंग्टन तळावर आली होती. तेव्हा ए-१५ रस्त्याकडेला ही गर्दी. आजोबांसाठी तो आयुष्यातला सगळ्यात भारी पाहुणा. फोटोत नाकापाशी 'एसबी' आणि पुढे आकडे, अगदी स्वच्छ. मी धानोरीत वाढलो. लोहगावला सुखोई १९९७मध्ये आली, माझ्या अख्ख्या शाळेचा अभ्यास तिच्या आवाजात झाला. पण तिचा नंबर मी पहिल्यांदा नीट वाचला तो सफोकमधल्या एका म्हाताऱ्याच्या अल्बममध्ये!

म्हणून मी म्हणणार होतो की आपल्याकडेही कुंपण जरा सैल करा. पण दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात, त्या सांगितल्याच पाहिजेत.

पहिली स्पेनमधली. २३ जानेवारी २००४ रोजी मायोर्का बेटावर पाल्माच्या विमानतळावर एका हौशी स्पॉटरने एका पांढऱ्या बोइंग ७३७चा फोटो काढला. नंबर एन३१३पी. एवढंच. ते विमान पाल्माहून मॅसेडोनियातल्या स्कोप्येला गेलं आणि तिथून खालिद अल-मसरी नावाच्या जर्मन नागरिकाला काबूलला घेऊन गेलं. सीआयएने नावाच्या साधर्म्यावरून भलताच माणूस उचलला होता. चार महिने कोठडी, मग अल्बानियात एका रस्त्यावर सोडून दिलं. त्याची गोष्ट आधी कोण खरी मानणार? पण विमानांचे फोटो आणि उड्डाणांच्या नोंदी जुळवत पत्रकार त्या विमानापर्यंत पोचले. डिसेंबर २०१२मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मॅसेडोनियाला दोषी धरून ६० हजार युरो भरपाई द्यायला लावली. म्हणजे जी वही कलामाटात पुरावा म्हणून विरोधात गेली, तसल्याच नोंदी इथे एका निरपराध माणसाच्या कामी आल्या.

दुसरी जून २०२५ची. अमेरिकेचे टँकर झुंडीने अटलांटिक ओलांडताना जगभरच्या हौशी लोकांनी पकडले. मग काही बी-२ बॉम्बर पश्चिमेला पॅसिफिककडे निघाली, सगळीकडे बातमी, "बी-२ ग्वामकडे". प्रत्यक्षात सात बी-२ गुपचूप पूर्वेकडून इराणवर गेली. पश्चिमेची तुकडी हुलकावणी देण्यासाठी होती, हे नंतर अमेरिकन लष्करानेच सांगितलं. डेटा खरा होता, निष्कर्ष चुकला. आणि लष्कराने गृहीतच धरलं होतं की कुणीतरी बघत असणार. आपण कुंपणाबाहेर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण आपण केव्हाच आत आलेलो असतो.

एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर आपल्या सरकारने वाहिन्यांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं, तेव्हा माझे इथले मित्र नाराज होते. मी नव्हतो. थेट दाखवणं आणि नोंद ठेवणं यात फरक आहे. नोंद सहा महिन्यांनीही तितकीच खरी असते, पण तोवर त्यातल्या वैमानिकाला तिचा धोका उरलेला नसतो. मसरीच्या बाबतीतही ती नोंद त्याच दिवशी नाही, नंतरच उपयोगी पडली.

म्हणून माझा नियम साधा आहे. बघायचं, लिहायचं, पण आज बघितलेलं आज सांगायचं नाही. युद्धाची चाहूल असेल तेव्हा तर मुळीच नाही. आणि लोहगावला उतरताना कॅमेरा बॅगेत. खिडकीतून सुखोई दिसली तर नंबर डोक्यात ठेवायचा. आतापर्यंत सात लक्षात आहेत. सांगणार मात्र नाही :)