काचपेटीतली इंगळी

सम्राट विंचू हा जगातल्या सर्वांत मोठ्या विंचवांपैकी एक. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या पश्चिम आफ्रिकी देशांतली दमट जंगले आणि त्यांच्या कडेची गवताळ राने हे त्याचे मूळ घर. पूर्ण वाढलेल्या विंचवाची लांबी नांगीसह 20 सेंटिमीटरपर्यंत जाते, वजन 30 ग्रॅमच्या आसपास भरते. हौशी लोकांसाठी तो इतका पकडला जाऊ लागला की 1995 मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव घालावे लागले. भारतात तो पाळायचा तर आता सरकारदरबारी नोंद करावी लागते.

या जातीची एक मादी इंग्लंडमधल्या एका मराठी घरात होती. ती रानातून धरलेली नव्हती, पाळीव पैदाशीतली होती. घरातल्या आजी तिला पहिल्या दिवसापासून ‘इंगळी’ म्हणत. इंगळी म्हणजे आपल्याकडचा मोठा काळा विंचू. त्याचे आणि सम्राट विंचवाचे कूळ एकच, तेव्हा नाव चुकले नव्हते. कोकणात वाढलेल्या आजींना खरी धास्ती होती ती लाल विंचवाची. तो आकाराने लहान, पण त्याच्या विषाने हृदय निकामी होऊन माणसे दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरात आणल्यावर ते मृत्यू पुष्कळ घटले. चिमटे बारीक आणि शेपूट जाड तो विंचू जहाल, चिमटे दांडगे आणि शेपूट किरकोळ तो बेताचा, असा ढोबळ आडाखा आहे. सम्राट विंचू दुसऱ्या गटातला. मोठेपणी तो भक्ष्य चिमट्यांनीच चेचतो, नांगी क्वचित उगारतो. तरीही कोणाला त्याच्या विषाची ऍलर्जी असेल हे सांगता येत नाही, म्हणून इंगळीला हातावर घेण्याचा हौसेचा प्रकार त्या घरात झाला नाही. हलवायचे असेल तेव्हा तिच्यावर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवत.

तिची पेटी काचेची, घट्ट झाकणाची होती. तळाशी 15 सेंटिमीटर कोकोपीट, वर झाडाच्या सालीचा बाकदार तुकडा आणि पाण्याची उथळ बशी. उबेची गादी सुरुवातीला पेटीखाली ठेवली गेली, आणि ही चूक फार जण करतात. उन्हाळा वाढला की विंचू जमिनीत खोल जातो, कारण खाली गारवा असतो. पेटीखालूनच ऊब आली तर उकाड्याने कासावीस झालेला प्राणी खणत खणत आणखी उकाड्यात जातो. इंगळी कोपऱ्यात तळापर्यंत खणू लागली तेव्हा गादी एका बाजूच्या काचेला लावण्यात आली. पेटीचा एक भाग 29–30 अंश सेल्सिअस आणि दुसरा त्याहून गार राहिला की आपल्याला हवी ती जागा विंचू स्वतःच निवडतो.

उबेपेक्षा ओलावा अवघड. या जातीला 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते आणि हिवाळ्यात तापवलेल्या घरातली हवा कोरडी ठणठणीत असते. कोकोपीट खालून ओले, वरून जेमतेम सुके ठेवावे. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. पण ओल्यात उरलेसुरले अन्न कुजले की माइट नावाचे टाचणीच्या टोकाएवढे जीव बुजबुजतात. त्यामुळे रातकिड्यांचे अर्धवट खाल्लेले अवशेष दुसऱ्या दिवशी उचलावे लागत.

खाणे मात्र अगदी थोडे. पिल्लांना दोन-तीन दिवसांनी लहान रातकिडा, मोठ्याला आठवड्याला एक-दोन पुरतात. विंचवाला घास गिळता येत नाही. पाचक रस सोडून तो भक्ष्य तोंडाशीच विरघळवतो आणि रस शोषतो, म्हणून एका जेवणाला तास-तास लागतात. इंगळी कधी महिनाभर उपाशी राही आणि घरातले काळजीत पडत. बहुतेक वेळा ती काळजी वाया जाई. पोटाच्या कडेची त्वचा ताणलेली दिसत असेल तर विंचू भुकेला नसतो.

कात टाकताना मात्र खरा धोका असतो. जन्मापासून मोठे होईपर्यंत अशा सहा-सात वेळा येतात. हवा कोरडी असेल तर जुने कवच पायांना चिकटते आणि विंचू त्यातच अडकून मरतो. नवे कवच मऊ असते. त्या वेळी पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच विंचवाला कुरतडतो. अतिनील दिव्याखाली विंचू हिरवानिळा चमकतो, पण ताजे कवच चमकत नाही. इंगळीने शेवटची कात टाकली ती रात्रीत, आणि सकाळी शेजारी पडलेले रिकामे कवचच तेवढे लखलखत होते.

चौथ्या वर्षी उसन्या आणलेल्या नराशी तिची जोडी जमली. चिमटे धरून दोघांचा बराच वेळ नाच झाला, आणि नऊ महिन्यांनी 14 पांढरीशुभ्र पिल्ले अंगावर चढली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. पिल्ले आईलाच खातात असा आपल्याकडे समज आहे; वास्तवात त्रास झाला तर आईच पिल्ले खाते. म्हणून पेटीवर कापड टाकून तिला एकटे सोडले गेले. पहिली कात टाकल्यावर पिल्ले हळूहळू उतरली आणि वेगवेगळ्या डब्यांत गेली.

ही जात पाळलेल्या अवस्थेत सहा ते आठ वर्षे जगते. सातव्या वर्षी इंगळीचे बाहेर येणे कमी झाले, मग खाणे थांबले. आठवडा-आठवडा न हलणारा विंचूही जिवंत असू शकतो, म्हणून फसगत सहज होते. पोटाखालचे कंगव्यासारखे अवयव मऊ ब्रशच्या स्पर्शालाही हलेनात आणि पाय सैल पडले, तेव्हा एक दिवस वाट पाहून तिला कोकोपीटमधून उचलण्यात आले.