सर्व्हर डाऊन नव्हता

शहापूर आणि मुरबाड तालुक्यात इंग्रजी न येणाऱ्यालाही दोन इंग्रजी शब्द पक्के ठाऊक आहेत: सर्व्हर डाऊन. सातबारा काढायला जा, उत्पन्नाचा दाखला काढायला जा, रेशनला जा. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणायचे, त्या जागी आता हे आलंय.

माझं तर पोटच यावर चालतं. आसनगावहून लोकल धरून मी ऐरोलीला रात्रपाळीला जाते आणि रात्रभर सर्व्हर बघते. स्क्रीनवर हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे फोन फिरवा. पण नुसत्या रंगावर कुणी विसंबत नाही. आधी पिंग करायचं, म्हणजे मशीन हाकेला ओ देतंय का ते कळतं. मग सर्व्हिस चालू आहे का, डिस्क भरली का, सर्टिफिकेटची मुदत संपली का, मशीनचं घड्याळ बरोबर आहे का. शेवटी कॉन्फिगरेशनची फाईल. कित्येकदा मशीन ठणठणीत असतं आणि कुणीतरी त्या फाईलमधली एक ओळ बदललेली असते. तिकिटात नुसतं 'डाऊन' लिहिलं की सिनियर लगेच विचारतो, नक्की काय डाऊन?

गावात हे कुणी विचारत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मामा-मामी वीटभट्टीवर गेले. मुरबाडच्या घरी आजी आणि दोन नातवंडं, एक चार वर्षांचं, एक दीड. कार्ड अंत्योदयचं, महिन्याला ३५ किलो धान्य. दोन वेळा ती दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतली.

"सर्वर नाय म्हनं," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. आमच्या पुढच्या तिघांचे अंगठे लागले, पावत्या निघाल्या. आजीने अंगठा लावला. दुकानदार म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे आजी, उद्या या."

मी म्हटलं, "भाऊ, जरा मशीन बघू?"

स्क्रीनवर एरर ३०० होता. हा आकडा आधारच्या सर्व्हरकडून येतो आणि त्याचा अर्थ, ठसा जुळला नाही. म्हणजे आमच्या फाटक्या रेंजमधून प्रश्न गेला, सर्व्हरने तो तपासला आणि उत्तरही दिलं: ही ती बाई नव्हे.

दुकानदार वाईट माणूस नाही. रेंज गेली की मशीन घेऊन तो टेकाडावर चढतो. सर्व्हर खरोखर बसतो तेव्हा शिव्याही तोच खातो. सत्तरीच्या बाईला 'तुमची बोटं झिजली' म्हणण्यापेक्षा सर्व्हरवर ढकलणं सोपं. पण नुकसान तिथेच होतं. सर्व्हर डाऊन म्हटलं की माणूस मुकाट्याने उद्या येतो. ठसा जुळत नाही म्हटलं असतं, तर पुढे काय, असं विचारता आलं असतं.

आणि पुढचं ठरलेलं आहे. २०१७ मध्ये झारखंडमध्ये आधार न जोडल्याने रेशन बंद झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी दगावली. घरचे म्हणाले भुकेने, सरकारने ते नाकारलं. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही, म्हणून कुणालाही धान्य नाकारायचं नाही. दुसरा पुरावा बघून, वहीत नोंद करून द्यायचं. आमच्या भाषेत, कॉन्फिगरेशन बरोबर आहे, फक्त या दुकानापर्यंत लोड झालेलं नाही.

मी हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, वहीवर दिलं की हिशेब मलाच विचारतात."

"मग दहाही बोटं लावून बघू."

उजव्या हाताची पाचही गेली. लावणीला रोप चिखलात खोचतो तो उजवा हात, आणि आजी पन्नास वर्षं लावणी करतेय. मूठ धरते ती डाव्यात. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तिने पाण्याने धुतलं, पदराला पुसलं, लावलं. मशीनमधून पावती आली.

कार्डाच्या प्लास्टिकवर मी पेनाने ते बोट लिहून ठेवलं. आजीला वाचता येत नाही, ते दुकानदारासाठी.

मागच्या बाईने हात पुढे केला. "माझा पन बघ गं."