गुडघ्यातला भाडेकरू

माझ्या उजव्या गुडघ्यात एक भाडेकरू बिऱ्हाड करून बसला आहे, हे मला कळायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

गुडघा माझा म्हणायचा, एवढेच! जानेवारी २०२१ मध्ये जुना झिजलेला सांधा काढून तिथे धातूचा आणि प्लॅस्टिकचा बसवला होता. पहिले वर्ष झकास गेले. मी पर्वतीसुद्धा चढलो (एकदाच, पण चढलो). २०२२ च्या पावसाळ्यात मात्र गुडघा ठणकू लागला. ताप नाही, पू नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरे वाटले. गोळ्या संपल्या, ठणका पुन्हा दारात हजर. असे तीनदा झाले.

शेवटी मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण सर्जनने कपाळाला हात लावला. "काका, आधी सांध्यातले पाणी काढून तपासायचे, मग गोळ्या. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, तपासणीत सापडेनासे तेवढे होतात." दोन आठवडे सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या, मग सुई घातली.

सापडला तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. नाव भारदस्त, पण हा प्राणी तुमच्याआमच्या कातडीवर जन्मभर निमूटपणे राहत असतो. एखादा नामांकित दरोडेखोर निघेल अशी माझी अपेक्षा. निघाला घरचाच गडी. खरे सांगतो, जरा अपमानच वाटला.

पण निर्जीव वस्तूचा आधार मिळाला, की हाच गडी शिरजोर होतो. एलेक आणि कोनेन या दोघांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या कातडीत याच्याच एका दांडग्या भाऊबंदाचे जंतू टोचून पाहिले. पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथे रेशमाचा एक टाका असला, की काहीशे पुरले! धातूत रक्त खेळत नाही. ऑपरेशनच्या वेळी चुकून शिरलेले जंतू त्याला चिकटतात, अंगातून चिकट बुळबुळ सोडतात आणि तिच्याआड दडतात. त्यातले कित्येक तर झोपूनच राहतात. औषध मारते ते वाढणाऱ्याला. झोपलेल्याचे ते काय करणार?

"अहो, म्हणजे आपल्या माठासारखेच की," आमची सौ. म्हणाली. "नुसते पाणी बदलून आतली बुळबुळ जाते का? काथ्याने घासावा लागतो."

"काकू, पहिल्या महिन्यात आला असता, तर घासून भागले असते," सर्जन म्हणाले. "आता माठच काढायला हवा."

तिने हळूच विचारले, "पाय राहील ना?" त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "प्रयत्न त्याचसाठी आहे." त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही, आणि दोघांनीही झोपेचे सोंग केले.

ऑक्टोबरात गुडघा काढला. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला आणि सहा आठवडे औषधे दिली. दिवाळी नेमकी मधेच आली. अभ्यंगस्नान पाटाऐवजी खुर्चीवर, पाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. डिसेंबरात नवा गुडघा बसला.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला सौ. माझ्या गुडघ्याला उलटा हात लावून पाहते. "गरम नाही," म्हणते, आणि दिवा लावायला जाते.