पट्टी चढलीय!

माझ्या दहा बाय दहाच्या बेडरूममधली मोक्याची जागा एका टेबलाने अडवलीय. त्यावर दोन सेकंडहँड टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ टर्नटेबल्स, मधोमध मिक्सर, हेडफोन्स आणि दोन्ही टोकांना स्पीकर्स. आईच्या भाषेत ‘तो पसारा’. एकेक टर्नटेबल साडेबारा किलोचं. ‘‘तुझ्या रुखवतात हेच मांडू,’’ हे तिचं लाडकं वाक्य!

बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. तसं मी पर्मनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून ते माझ्याशी फारसं बोलतच नव्हते. ‘जेवलीस का’ आणि ‘दिवा बंद कर’. बस्स.

गंमत म्हणजे हे मशीन मुळात डीजेंसाठी बनलंच नव्हतं. १९७२ मध्ये पहिलं एसएल-१२०० आलं ते घरी निवांत बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. त्यात पट्टा नाही, मोटर थेट थाळी फिरवते. त्यामुळे रेकॉर्ड हाताने थांबवा, मागे ओढा. सोडली की लगेच वेग पकडते. डीजेंना आणखी काय हवं? १९७९ मध्ये एमके-२ आलं आणि क्लबमध्ये जाऊन बसलं. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० नव्या रूपात परत आणलं.

पण मशीन आणलं म्हणजे कान येत नाहीत. पहिल्याच दिवशी मी वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला खुपसली. आवाज एवढासा आणि बेस गायब! रेकॉर्ड कापतानाच बेस कमी केलेला असतो, सुईचा सिग्नलही अगदी क्षीण असतो आणि हे दोन्ही भरून काढायला ‘फोनो’ इनपुट लागतं, हे दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं.

मग एका रात्री डोक्यात खूळ आलं. हाऊसच्या बीटवर नाट्यसंगीताची एखादी तान टाकली तर? माळ्यावर बाबांच्या एलपी होत्याच. जुना रेकॉर्ड प्लेअर बंद पडल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. वसंतराव देशपांड्यांची एक काढली, लावली, आणि तान सापडल्यावर मोठ्या रुबाबात रेकॉर्ड मागे-पुढे करायला लागले. सुई उडाली. खर्रर्र! चांगला लांब ओरखडा.

पोटात गोळा आला. एलपी गुपचूप कव्हरात घालून माझ्याच शेल्फवर मागे सरकवली.

पुढच्या रविवारी बाबा पहिल्यांदा खोलीत आले. शेल्फ न्याहाळलं, नेमकी तीच एलपी काढली आणि स्टुलावर बसले. ‘‘लाव.’’

लावली. सूर ऐकताच त्यांच्या कपाळाला आठी. ‘‘पट्टी चढलीय.’’

मला वाटलं, वयोमानाने काहीतरी वाटतंय त्यांना. मग लक्ष गेलं. रात्रीच्या प्रॅक्टिसनंतर पिच स्लायडर तसाच अधिक सहावर राहिला होता! सहा टक्के वेग वाढला की सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो, पांढरी एकची काळी एक होते. बँकेतल्या हौशी नाटकवाल्यांना बाबा पेटीची साथ करायचे, हे मी साफ विसरले होते. स्लायडर शून्यावर आणला, हिरवा दिवा लागला आणि बाबांची मान हलली.

आणि मग... टक्. टक्. टक्. दर फेरीला एक. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे दर १.८ सेकंदाला माझा गुन्हा वाजत होता. ‘‘बाबा, माझ्याकडून झालंय हे,’’ मी म्हटलं.

ते बराच वेळ गप्प. मी ओरडा खायच्या तयारीत. ‘‘तुझ्या आईने दिली होती, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला,’’ एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘पण ही दोन-दोन कशाला?’’ मी त्यांना हेडफोन दिला. स्पीकरवर एक गाणं, कानात दुसरं, आणि स्लायडर हलवून दोघांची लय एक करायची, असं समजावलं. ‘‘म्हणजे साथच की,’’ म्हणत त्यांनी दोन बोटांनी स्लायडर जरासा खाली ओढला. पाचव्या मिनिटाला बीट जुळली. मला तीन आठवडे लागले होते!

त्या एलपीचा ओरखडा जाणार नाही. दर रविवारी आम्ही ती लावतो तेव्हा टक्-टक् येतेच. आई स्वयंपाकघरातून ‘‘आवाज कमी!’’ ओरडते. आणि मागच्या रविवारी रेकॉर्ड पलटताना बाबांनी अगदी सहज विचारलं, ‘‘त्या मासिकाचं पेमेंट आलं का गं?’’

नव्हतं आलं. पण सांगायला छान वाटलं.