त्याला तेल नको

तेल लागत नाही अशी वस्तू आमच्या पिढीने घरात फारशी पाहिलीच नाही. शिलाई मशीनला तेल, सायकलच्या चेनला तेल, विहिरीच्या कप्पीला तेल, दुकानाच्या शटरला तेल, कुरकुरणाऱ्या बिजागरीला घाईच्या वेळी खोबरेल, आणि शनिवारी मारुतीलाही तेल. लांब चोचीची ती पत्र्याची कुपी खिडकीत बाराही महिने उभी. आजी तर म्हणायची, माणूस कुरकुरला तरी आधी टाळूवर तेल घाला, मग डॉक्टर बघा. अशा घरात एकाच वस्तूपुरती सक्त ताकीद होती. ती म्हणजे कॅमेरा. कपाटातून तो खाली निघाला आणि कुणाची नजर कुपीकडे वळली, की तीन खोल्यांतून एकदम आवाज यायचा: त्याला तेल नको!

आमचं विसरवाडी सुरत-धुळे हमरस्त्यावरचं बाजारगाव. एका अंगाला नवापूर, त्यापलीकडे लगेच गुजरातची हद्द. दुसऱ्या अंगाला कोंडाईबारीचा घाट. आणि गावातून फुटणारा नंदुरबारचा रस्ता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही धुळेवाले. बाजाराच्या दिवशी एकाच ओट्यावर मावची, अहिराणी, गुजराती आणि शाळेतली मराठी एकदम ऐकू यायची. उन्हाळाभर मालट्रकांची धूळ, पावसाळाभर भिंतींना ओल. हा भाताचा मुलूख, इथला पाऊस हात राखून पडत नाही. धूळ आणि ओल या कॅमेऱ्याच्या सख्ख्या वैरिणी, आणि आमच्याकडे दोघींचा मुक्काम आलटून पालटून.

गल्लीत कॅमेरे मुळात दोनच जातींचे. हौशी घरात अॅग्फा क्लिक थ्री, आणि धंदा करणाऱ्याच्या गळ्यात याशिका मॅट. क्लिक थ्री वडोदऱ्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा, म्हणजे आम्हाला मुंबईपेक्षा जवळचा. याशिका जपानी, वर एक भिंग बघायचं, खाली एक फोटो घ्यायचं. दोघांनाही १२० चा रोल, आणि एका रोलात चौरस असे बारा फोटो. बारा म्हणजे बारा. तेरावा फोटो मागणाऱ्या नातलगासमोर रिकामाच खटका वाजवण्याची रीत होती, आणि तो बिचारा पुढच्या दिवाळीपर्यंत आपला फोटो मागत राहायचा. रोल बहुतेक इंदू. उटीला १९६० साली निघालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा. मिळाला तर.

क्लिक थ्रीत बिघडायला फारसं काही नव्हतंच. बिघडायचा तो फोटो. बघायची खिडकी एका कोपऱ्यात आणि भिंग दुसरीकडे, त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत नानांची टोपी हमखास कापली जायची. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल फिरवायचा. फिरवायला विसरलं की एकाच चौकटीत दोन फोटो. आजीच्या खांद्यावर बैल उभा असलेला एक फोटो आमच्या अल्बमात अजून आहे. आजीला तो आवडायचा.

पण दोष ओळखण्याची खरी विद्या होती निगेटिव्ह वाचण्याची, आणि ती घराघरात येत होती. धुवून आलेला रोल खिडकीशी धरायचा. सगळा कोरा, काचेसारखा? मग कडेचे आकडे बघा. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे नीट उमटलेत म्हणजे धुणाऱ्याचा दोष नाही. शटर उघडलंच नाही, नाहीतर रोल पुढे सरकलाच नाही. आकडेही नाहीत म्हणजे औषध मेलेलं, भांडायला धुणाऱ्याकडे जा. सगळा रोल काळाकुट्ट, तर कुणीतरी मागचं झाकण उघडलं. घरातल्या लहान मुलांना ओळीने उभं करा. एकाच बाजूने काळा फराटा, तर तिथून उजेड शिरतोय. दोन फोटो एकमेकांवर चढलेत, तर रोल पुढे नेणारं दातेरी चाक झिजलंय. लग्नातले फ्लॅशचे फोटो तेवढे कोरे आणि अंगणातले छान, तर काकू स्वयंपाकघरातूनच निदान करायच्या: “एक्स-एमची कांडी बघा आधी.” ती कांडी एमवर राहिली की इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच चमकून विझतो. एम हे जुन्या, दर वेळी जळून जाणाऱ्या बल्बसाठी. तो पेटायला वेळ घेई. काकूंनी उभ्या जन्मात एक फोटो काढला नाही, पण असल्या कोऱ्या लग्नांनी आळीत इतकी भांडणं झाली होती, की एक्स आणि एम शेंबड्या पोरालाही ठाऊक.

याशिकाची दुखणी वरच्या दर्जाची. पहिलं म्हणजे शटर मंदावणं. श्रावणात किंवा थंडीच्या सकाळी एक सेकंदाला लावून खटका दाबला, की आतून बारीक र्रर्र आवाज येतो. हा आवाज एकसारखा हवा. तो अडखळला, दम घेऊन पुन्हा सुरू झाला, की समजायचं आतलं जुनं ग्रीस सुकून गोंद झालंय. आणि इथेच प्रत्येकाचा हात तेलाच्या कुपीकडे जायचा. आळीतल्या एका उत्साही गृहस्थाने शिलाई मशीनचं तेल एक थेंब, फक्त एक थेंब, आत सोडलं होतं. दोन दिवस शटर लोण्यासारखं चाललं. तिसऱ्या दिवशी पात्या एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्या. कागदासारख्या पातळ त्या पात्या कोरड्याच एकमेकींवरून सरकायला हव्यात. तेलाचा ओशट पापुद्रा मधे आला की स्प्रिंगचं बळ पुरत नाही.

मग कॅमेरा घड्याळजीकडे. कॅमेरा दुरुस्त करणारा खास माणूस सुरतेला, तिथे जायचं म्हणजे एक दिवस आणि एसटीचं भाडं. म्हणून पहिली पायरी घड्याळजीच. त्याचं काम बघायला आम्ही पोरं टपरीला चिकटून उभी. परातीत पांढरं फडकं, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळला तरी कडेला अडकतो. डोळ्याला भिंग. पुढच्या कड्याला पेचकस लागत नाही; औषधाच्या बाटलीचं रबरी बूच दाबून डावीकडे फिरवायचं, की कडं सैल. मग पुढचं भिंग, आणि त्यामागे त्या पात्या, मिटलेल्या. काडीला कापूस, कापसाला पांढरं पेट्रोल, तेही पिळून. पुसायचं, शटर ताणायचं, सोडायचं. पुन्हा नवा कापूस. पुसायचं, ताणायचं, सोडायचं. कापूस पिवळा निघायचा थांबेपर्यंत हेच. मधेच तो कॅमेरा कानाशी धरून डोळे मिटायचा, मग एचएमटीच्या सेकंदकाट्याशी ती र्रर्र ताडून बघायचा. शेवटी एकच शब्द: “चालशे.” काम फत्ते झालं तरी चालशे, अर्धवट झालं तरी चालशे. फरक पैसे सांगताना कळायचा.

पाचशेचा वेग, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा हिस्सा, बरोबर आहे की नाही, हे कानाने कळत नाही. त्याला गल्लीत टीव्ही आल्यावर उपाय सापडला. कॅमेऱ्यात रोल नसताना मागचं झाकण उघडायचं, भिंग टीव्हीकडे करायचं, आणि मागून आत बघत खटका दाबायचा. जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली रेघेरेघेने, सेकंदाला पन्नास वेळा रंगवलं जाई. त्यामुळे पाचशेला उजेडाचा फक्त एक आडवा पट्टा दिसायचा, पडद्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. पट्टा जाड झाला की शटर आळसावलंय. हा शोध कोणाचा ते आम्हाला माहीत नाही. आमच्यापर्यंत तो नवापूरच्या एका फोटोवाल्याकडून आला. १९८७ पासून मात्र रविवारी सकाळी रामायण चालू असताना ही तपासणी करायला आजीची बंदी होती. रामावर काही रोखायचं नाही.

पाचशेचा आणखी एक दंडक होता. तो वेग शटर ताणण्याआधी लावायचा, ताणल्यावर नाही. त्याची वेगळी जोराची स्प्रिंग असते. नंतर बळजबरीने चकती फिरवली की आतला दात जातो.

ओल हे दुसरं दुखणं. चामड्याची केस दिसायला रुबाबदार, पण पावसाळ्यात तिच्यासारखी दगाबाज वस्तू नाही. चामडं ओल धरतं, भिंगावर बुरशीची बारीक जाळी चढते, आणि ती जाळी बराच काळ राहिली की काचेवरचा लेपच खाते. मग पुसून उपयोग नसतो. म्हणून जूनमध्ये छत्र्या बाहेर निघत तेव्हाच कॅमेरा केसबाहेर निघे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाई. सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. आमच्याकडे त्यासाठी वेगळा तवा होता, कारण एकदा भाकरीचा तवा वापरल्यावर बरीच बोलाचाली झाली. आईने भिंगासाठी जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा ठेवलेला. त्याला दुसऱ्या कशाचा स्पर्श चालत नसे. मात्र याशिकाच्या आतल्या आरशाला तोही लावायचा नाही. साध्या आरशाचा पारा काचेमागे असतो, याचा मुलामा काचेच्या वरच. एकदा रगडून पुसलं की आरसा टकला.

झाकणाच्या खाचेतला स्पंज जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो आणि त्याचे कण रोलवर बसतात. त्यावर औषध शिंप्याकडे. काळ्या मखमलीची चिंधी, काडीएवढी कापून, खाचेत फेव्हिकॉलने. लग्नसराईत शिंप्याकडे ब्लाउजपीस कमी आणि फोटोवाले जास्त, असंही म्हणत. खरं-खोटं शिंपी जाणे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिलाच. हमरस्त्याने गाड्यांवर गाड्या आल्या. बातमीदार उतरून चहा घेत, फोटो काढत, आणि लगेच कॅमेऱ्याची पाठ बघत. आमचे फोटोवाले चहाच्या टपरीवरून ते बघत होते. त्यांचा रोल अजून धुवायचा होता. याशिका आपल्या पोटात घेतलेल्या क्योसेरा कंपनीने आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, कॅमेरे बनवणं बंद केलं होतं; ही खबर विसरवाडीला कुणी दिली नाही, आणि दिली असती तरी घड्याळजी म्हणाला असता, चालशे.

आता पुतण्या-भाच्यांना माळ्यावर हे कॅमेरे सापडतात, आणि फोन येतो. १२० चा रोल आजही मिळतो, कोडॅक बनवतं, इलफर्ड बनवतं. किंमत ऐकून आजी पुन्हा गेली असती. फोनवर आमचं उत्तर ठरलेलं आहे. मागचं झाकण उघड. वेगाची चकती बीवर लाव, खटका दाबून धर, आणि भिंगातून खिडकीकडे बघ. कोळिष्टकं दिसली तर बुरशी. मग एका सेकंदावर लावून कान दे. पाचशे लावायचं तर आधी लाव, मग ताण. आरशाला बोट लावू नकोस. आणि सेल्फ टायमरची ती छोटी कांडी दिसते ना, तिला अजिबात हात लावू नको. अर्ध्यात अडकली तर सगळं शटर घेऊन बसते. तेल कुठे घालू, असं अजून प्रत्येक जण विचारतोच.