बाईंचं स्टूल

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्याच्या सगळ्यांत वरच्या ओळीपर्यंत तुमचा हात पोचतो का? आमच्या पहिलीतल्या एकाचाही पोचत नाही. फळा भिंतीवर चढवला मोठ्या माणसांनी, आपल्या उंचीच्या हिशोबानं. त्यामुळे 'ये, लिहून दाखव' म्हटलं की आमची पोरं अगदी खालच्या कडेला लिहितात, आणि मागच्या रांगेतली ओरडतात, "बाई, दिसत नाही!"

मी सावंतवाडीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये ठरवलं, फळ्यापाशी ठेवायला एक स्टूल करायचं. विकत आणायचं नाही, स्वतः करायचं. तुम्ही म्हणाल, बाईंना हा हट्ट कशाला? तर त्याचं कारण आमचा रविवार.

सावंतवाडी तुम्हाला लाकडी खेळण्यांमुळे माहीत असेल. चितारआळीतल्या दुकानांत लाकडाची केळी, आंबे, सीताफळं अशी मांडलेली असतात की खऱ्या फळांच्या टोपलीत मिसळली तर पटकन ओळखू येणार नाहीत. परंपरेनं ही फळं पांगाऱ्याच्या लाकडाची करतात. पांगारा हलका आणि मऊ असतो, हत्याराला लगेच वश होतो. त्याच सावंतवाडीत एका घरामागच्या पडवीत दर रविवारी सकाळी सात-आठ जण लाकूडकाम करायला जमतात. पाटी नाही, वर्गणी नाही. चहाचे पैसे डब्यात टाकायचे आणि जाताना आपापला भुसा झाडून जायचं, एवढंच. एसटीतून निवृत्त झालेले एक चालककाका आहेत, दातांचे एक डॉक्टर आहेत, पोस्टातल्या एक ताई आहेत, कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. खरे सुतार एकच, आमचे सुतारआजोबा. सत्तरी कधीच ओलांडलीय, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात.

एक नियम मात्र कडक आहे. शिकायला येणाऱ्यानं काहीतरी शिकवायचंही.

पहिल्या दिवशी हे ऐकून मी घाबरलेच. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं आणि मातीची फळं केली होती, त्यापलीकडे माझी मजल नव्हती. मी या लोकांना काय शिकवणार? आजोबांनी कोपऱ्यातली एक अर्धवट कोरलेली घरावरच्या नावाची पाटी पुढे केली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. "अक्षर येता मा तुमका?" त्यांनी विचारलं. मग मी खडू घेतला. आधी शिरोरेषा आखायची, अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी तोलायचं, उकाराला खाली जागा ठेवायची, हे मी पहिलीच्या पोरांना शिकवते तसंच सगळ्यांना शिकवलं. आजोबा पुढच्या रांगेत बसले होते!

तिथे प्रत्येकाचं शिकवणं वेगळं. चालककाकांनी तीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकलाय, ते रंधासुद्धा कानानं चालवतात. रंधा म्हणजे लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार. तो रेषांच्या दिशेनं चालला की 'सूंऽऽ' असा लांब आवाज येतो आणि कागदासारखी पातळ ढलपी वळत वळत बाहेर पडते. उलट दिशेनं गेला की 'खर्र' करतो आणि लाकूड उचकटतो. डोळे मिटून नुसता आवाज ऐकून काका सांगतात, "ताई, फळी फिरवा." आणि डॉक्टर? ते दात बघायचा छोटा आरसा लाकडाच्या खोबणीत घालून आत कचरा राहिला का ते बघतात. आम्ही विचारतो, "डॉक्टर, कीड आहे का हो?"

आता स्टुलाकडे येऊ. जूनच्या वादळी पावसात आमच्या शाळेमागचा फणस पडला. त्याच्या मालकांनी एक ओंडका शाळेला दिला, आणि सॉ-मिलवर त्याच्या फळ्या पाडून आणल्या. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, पुढे ते तांबूस होत जातं. ते पिवळंधमक लाकूड पाहून मला कधी एकदा काम सुरू करते असं झालं. आजोबांनी फळीवर हात फिरवला, बोटानं टिचकी मारून ऐकलं आणि म्हणाले, "बाईनू, ह्या लाकूड अजून ओला आसा. थांबा वायच."

त्यांचं 'वायच' म्हणजे किती, ठाऊक आहे? इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवली तर सुकायला साधारण वर्ष लागतं. मला तर गणपतीच्या आधी स्टूल हवं होतं. पोरांना सांगून बसले होते ना!

मी थांबले नाही. घरी नेऊन केलं. बसायच्या फळीला पटाशीनं चार खोबणी पाडल्या, पायांच्या टोकांना जीभ तासली (सुतार तिला कुसू म्हणतात), गम लावला आणि ठोकून बसवलं. ऑगस्टमध्ये स्टूल वर्गात आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी त्यावर चढून फळ्याच्या वरच्या ओळीवर आठवड्याचा वार लिहू लागली. ते काम तिनं स्वतःहून आपल्याकडे घेतलं.

पावसाळ्यात तुमच्या घरचं दार घट्ट होतं की नाही? लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आणि शिमग्याच्या सुमाराला तेच दार सैल होऊन वाऱ्यानं आपटतं. लाकूड हवेतली ओल पितं तेव्हा रुंदीत फुगतं, ओल गेली की आकसतं. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. माझं स्टूल ओल्या लाकडाचं, भर पावसात केलेलं. दिवाळी झाली, थंडी गेली, हवा कोरडी झाली आणि प्रत्येक जीभ आपापल्या खोबणीत बारीक होत गेली. वरून काही दिसत नव्हतं. जरा डुगडुगायचं, तेव्हा मी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

फेब्रुवारीत एका सकाळी ती 'गुरुवार' लिहीत असताना पाय निखळला. हनुवटीला दोन टाके पडले.

आता लिहायला जड जातं ते सांगते. तिची आई धावत शाळेत आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाय घसरला तिचा." मुलगी तिथेच होती, हनुवटीला रुमाल धरून. ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त. आईनं तिला घरी नेता नेता म्हटलं, "तुका बघून चढाक येणा नाय?"

तो रविवार मी चुकवला. पुढच्या रविवारी ते मोडकं स्टूल पिशवीत घालून गेले. वाटलं होतं, आजोबा म्हणतील, 'सांगितलं नव्हतं?' त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आता काय झाला ता सांगा." मी सांगितलं. पाय घसरल्याचंही सांगितलं.

पडवीच्या टोकाला एक फडताळ आहे. मला वाटायचं, त्यात हत्यारं असतील. आजोबांनी ते उघडलं. आत सगळ्या मोडक्या वस्तू! झाकण पावसात अडकून बसलेली डॉक्टरांची पेटी. चालककाकांचं लाटणं, ज्यानं पोळी कधी गोल होतच नाही. पोस्टातल्या ताईंचा देव्हारा, एक बाजू अर्धा इंच ठेंगणी. ज्याची वस्तू मोडते तो ती इथे आणून ठेवतो आणि का मोडली ते नव्या माणसाला सांगतो. सगळ्यांत खाली एक फळी होती, मधोमध उभी चिरलेली. आजोबांची. पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या पाळण्याची. पाचर चुकीच्या दिशेनं ठोकली होती म्हणाले. "पोर तेव्हा पाळण्यात नव्हता," एवढंच बोलून त्यांनी फळी परत ठेवली.

त्या फळीवरूनच मी पाचर शिकले. पाचर म्हणजे तीच, पंचतंत्रातल्या माकडानं उपटली ती. पायाच्या जिभेच्या टोकाला करवतीनं चीर पाडायची. जीभ बसायच्या फळीतून आरपार वर काढायची आणि वरून त्या चिरेत पाचर ठोकायची. जीभ फुलते आणि पाय फळीला आवळला जातो. पण पाचर फळीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेनं ठोकलीत तर ती फळीलाच फाडते, आजोबांच्या पाळण्यासारखी.

दुसरं स्टूल करायला सव्वा महिना लागला. लाकूड एका पाडलेल्या जुन्या घराच्या फणसाच्या चौकटीचं, कधीच सुकून खडखडीत झालेलं. इतकं टणक की पटाशीला दर दहा मिनिटांनी धार लावावी लागे. धार लावायला मला कॉलेजच्या त्या पोरानं शिकवलं, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या. पायांना खालून आडव्या पट्ट्या घातल्या. मी चौथी पाचर ठोकली तेव्हा आवाज बदलला. चालककाकांनी मान डोलावली. मग आमच्यातले सगळ्यांत वजनदार म्हणून तेच त्यावर चढले आणि उड्या मारल्या. जुनं स्टूल मी फडताळात ठेवलं. आता नवीन कुणी आलं की त्याची गोष्ट मला सांगावी लागते. दोनदा सांगून झाली आहे.

पण त्याआधी एक काम बाकी होतं. मी मुलीच्या आईला शाळेत बोलावलं आणि वर्गासमोरच सांगितलं, "तिचा पाय घसरला नव्हता. स्टूल मी नीट केलं नव्हतं, आणि मी खोटं बोलले." पहिलीची पोरं एरवी गप्प बसत नाहीत, त्या दिवशी बसली. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग लेकीकडे वळून म्हणाली, "तू माका सांगलंस कित्याक नाय?" मुलगी म्हणाली, "बाई सांगी होते ना."

पालकहो, ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

नवीन स्टूल फळ्यापाशी ठेवलं. 'चढ' असं मी म्हटलं नाही. दोन दिवस ती लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली आणि दोन्ही हातांनी स्टूल गदागदा हलवलं. उलटं करून खालचे सांधे पाहिले. आपलं दप्तर त्यावर ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही पाय धरून ऱ्हवा."

मी खाली बसून स्टुलाचे दोन पाय धरले. डोक्यावर खडूची भुकटी पडत होती. तिनं 'शुक्रवार' लिहिलं, उकारासाठी खाली जागा ठेवून.