रबराचे अभ्यंग

मोटारीचे वय तिच्या कागदपत्रांवरून कळते, असा सरकारचा समज आहे. मला तो फारसा पटत नाही. रंग नवा देता येतो, गाद्यांना नवे कापड चढवता येते आणि दसऱ्याला झेंडूची माळ घातली, की कोणतीही मोटार नव्या नवरीसारखी मिरवते. तिचे खरे वय जाणायचे असेल, तर तिच्या पोटाखाली पाहावे. तिथले रबर खोटे बोलत नाही.

आमच्याकडे एक जुनी पद्मिनी आहे. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मुंबईतली तिच्या कुळातली शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र अजून क्रांती चौकातून, उंच चबुतऱ्यावरच्या अश्वारूढ शिवरायांना नमस्कार करून, जालना रस्त्याला लागते.

ही लोखंडाची बाई खरे तर रबरावर जगते. इंजिन बसते रबरी फाउंडेशनवर. मागच्या पाट्यांच्या टोकांत असतात रबरी बुश. आणि चाक वर-खाली होते, वळते, म्हणून त्याच्यापाशी ब्रेकची लोखंडी नळी संपून रबरी नळी सुरू होते. चार बोटे जाडीचा हिशेबही नको. बोटभर जाडीच्या त्या नळीवर सारे कुटुंब विसंबून असते.

चार्ल्स गुडइअर नावाच्या अमेरिकनाने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवले आणि उन्हात चिकटणाऱ्या, थंडीत कडक होणाऱ्या त्या पदार्थाला शिस्त लावली. शिस्त लागली, अमरत्व लाभले नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडत राहतात. ताणलेल्या, वाकलेल्या जागी आधी भेगा पडतात. आमच्या मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा या कामाला आणखी जोर चढतो.

यावर आपला घरगुती उपाय ठरलेला : तेल! कुरकुरणारे दार असो, आखडलेला गुडघा असो की बाळाची टाळू. पावसाळ्यापूर्वी मोटारीच्या पोटाला जळके ऑइल फवारण्याची जुनी रीत याच मायेतून आली. लोखंडाला ती मानवते, गंज आवरतो. नैसर्गिक रबराला मात्र ही माया बाधते. ते खनिज तेल पिते, फुगते, मऊ पडते आणि शेवटी त्याचा लगदा होतो. आमचे मिस्त्री हे एका वाक्यात सांगतात, “काका, हिला अभ्यंग नको, साबणाची आंघोळ पुरे.”

म्हणून दिवाळीच्या आधी एका सकाळी आमच्या अंगणात हा सोहळा होतो. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, जॅकने गाडी उचलायची आणि भक्कम घोड्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे नाही, हा पहिला नियम. मग कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. रॉकेल नाही, पेट्रोल नाही. धुतलेले रबर कोरड्या फडक्याने टिपायचे आणि बुशांना ग्लिसरिनचा किंवा सिलिकॉनच्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. मी अर्धा दिवस असा उताणा पडलेला पाहून सौभाग्यवती म्हणते, “अहो, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडेही असेच बघा!”

गेल्या वर्षी भाऊबीजेला चाळीसगावला बहिणीकडे निघायचे होते. वाटेत कन्नडचा घाट. चार दिवस आधी पुढच्या डाव्या चाकापाशी धूळ आणि ओशटपणा धुऊन निघाला आणि ब्रेकच्या नळीच्या वळणावर केसाएवढ्या भेगा दिसल्या. मिस्त्रींनी नळी किंचित वाकवली. भेगांनी तोंडे उघडली. “थोडे ग्लिसरिन?” मी विचारले. ते हसले. “काका, बुश म्हातारा झाला तर गाडी कुरकुरते. नळी म्हातारी झाली तर थांबत नाही.”

नळी बदलली. दुसऱ्या बाजूची चांगली दिसत होती, तीही बदलली. दोघी एकाच वयाच्या होत्या. ब्रेकमधली हवा काढली, नवे ब्रेक ऑइल भरले. नावात ऑइल असले, तरी ते खनिज तेल नव्हे. ब्रेकच्या रबरांना चालणारा तो वेगळाच द्रव आहे. नावावर जाऊन तिथे इंजिनचे तेल ओतणाऱ्याची धडगत नाही.

घाट उतरताना मागच्या सीटवर मुले करंज्यांवरून भांडत होती. खालून गाड्यांची रांग चढत होती. मी प्रत्येक वळणावर पाय दाबत होतो आणि गाडी शहाण्यासारखी आज्ञा पाळत होती.

तेव्हापासून मला वाटते, आपण धुतो-पुसतो ते वस्तू चकचकीत दिसावी म्हणून नव्हे; धुण्याच्या निमित्ताने ती एकदा नीट पाहून होते. काय जपायचे आणि काय आभार मानून निरोप द्यायचे, हे त्या पाहण्यातूनच कळते. बहिणीने ओवाळले तेव्हा माझ्या नखांत अजून काळे होते. तिने ते पाहिले, काही बोलली नाही. फक्त ताटातला लाडू उचलून माझ्या तोंडातच घातला.